माडीवरून जमिनीवर

मणक्याच्या क्षयाची माहिती मी इथे देणार नाही. मी नर्स आहे, द्यायची म्हटली तर देता येईल. पण त्या आजारपणात ज्या गोष्टीची मला कोणी आधी कल्पना दिली नव्हती, ती म्हणजे लाज. दुखण्याला गोळी असते, सुई असते. लाजेचं तसं नाही. ती सकाळी उठल्याबरोबर उशाशी येऊन बसते आणि दिवसभर हलत नाही. ज्यांच्या घरात कोणी पायांनी अधू झालं असेल त्यांना उपयोग व्हावा म्हणून मी लिहायला बसले आहे. लिहितानाही कान गरम होतात. पण आता बसलेच आहे.

कंबर

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, तेव्हा मी मेहकरच्या सरकारी दवाखान्यात नोकरीला लागले. बाळंतपणं करायची, खेड्यांवर जाऊन पोरांना देवी टोचायच्या, तापाच्या गोळ्या वाटायच्या. माझ्या यजमानांचं बस स्टँडजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. आम्ही दोघं आणि सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, गफ्फारभाईंच्या धान्याच्या गोदामावर माडीत भाड्याने राहत होतो. आम्ही नवबौद्ध. गावात चांगल्या वस्तीत घर मिळणं सोपं नव्हतं. गफ्फारभाईंनी काही न विचारता किल्ली दिली होती, म्हणून माडीचा जिना उभाच्या उभा आहे, अरुंद आहे, याची आम्ही कधी तक्रार केली नाही. धरायला कठडा नव्हता. वरून एक सुंभाचा दोर सोडलेला होता. मी एका हातात पिशवी घेऊन तो जिना धावत उतरत असे.

कंबर दुखायला लागली तेव्हा वाटलं, बाळंतपणात वाकून वाकून दुखते. आत्याबाईंनी रुईची पानं गरम करून बांधली. संध्याकाळी अंगात कणकण यायची, वजन उतरलं होतं. दुसऱ्या कोणा बाईने येऊन हेच सांगितलं असतं तर मी तिला लगेच डॉक्टरांपुढे उभं केलं असतं. स्वतःच्या बाबतीत मात्र मी चोळायचं तेल बदलत राहिले.

एका खेड्यात बाळंतपणाला गेले होते. मूल सुखरूप झालं, नाळ कापली, मूल आजीच्या हातात दिलं आणि उठायला गेले तर पाय उठेनात. दुखत नव्हते. नुसते नव्हतेच. मी हसून म्हटलं, जरा मुंग्या आल्यात. थोड्या वेळाने दोघीतिघींनी मला बगलेत धरून उचललं आणि दुसरी जागा नव्हती म्हणून बाळंतिणीच्याच शेजारी गोधडीवर निजवलं. ती मुलाची आजी माझ्याकडे पाहून म्हणाली, "घ्या! आता इचं बायंतपण कोन करन?"

सगळ्या बाया हसल्या. मीही हसले. त्यांनी माझ्यासाठी बैलगाडी जुंपली, खाली कडबा पसरला, आणि मी भर दुपारी गाडीत आडवी पडून मेहकरात आले. ज्या रस्त्याने मी छत्री घेऊन ताठ चालत जायची, त्याच रस्त्याने.

क्ष-किरणाची फिल्म

अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. यजमान भिंतीला टेकून उभे होते. डॉक्टर त्यांच्याशी न बोलता माझ्याशी बोलले. "तुम्ही आमच्या पेशातल्याच आहात. तुम्हाला दिसतंय ना?"

मला दिसत होतं. दोन मणके वाळवी लागलेल्या लाकडासारखे एकमेकांत खचले होते.

यजमान घसा साफ करून म्हणाले, "काय हाय, सायेब?"

डॉक्टर बोलायच्या आत मीच म्हणाले, "काही नाही, वाताचं आहे."

त्या वेळी क्षयाचं नाव लोक दार लावून घेत असत. ज्या घरात क्षय, त्या घरचं पाणी कोणी पीत नसे. आणि आमच्या घरचं पाणी न पिणारे आधीच पुष्कळ होते. त्यात मी नर्स. गावोगाव पोरांना जवळ घेणारी. डॉक्टरांनी फिल्म खाली ठेवली. मग त्यांनी यजमानांना बाहेर नेलं आणि खरं काय ते सांगितलं. ते आत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता, पण त्यांनी एवढंच विचारलं, "मंग लोकाईले काय सांगू?"

"वाताचं सांगा."

"हाव," ते म्हणाले. आणि बरी होईपर्यंत त्यांनी तेच सांगितलं.

वॉर्ड

मला प्लास्टरच्या साच्यात निजवलं. पाठीचा आकार घेतलेलं ते एक पांढरं होडकंच होतं. त्यात उताणं पडायचं आणि हलायचं नाही. सकाळी झाडू, मग सुई, मग गोळ्या, मग दूध, मग डॉक्टरांची फेरी, मग दिवसभर छत. छतावरच्या पोपड्यांचे आकार मला पाठ झाले.

कुशीवरदेखील वळता येत नव्हतं, तेव्हा बाकीच्या गोष्टींचं काय सांगू. नोकरीच्या काळात मी रोग्यांना हजारदा म्हटलं असेल, "लाजू नका बाई, इथे कोणी परकं नाही." किती सहज म्हणत असे. आता एक नवी पोरगी, नुकतीच शिकून आलेली नर्स, माझ्या अंगाखाली बेडपॅन सरकवत तेच वाक्य म्हणाली, तेव्हा मला कळलं की ते वाक्य ऐकणाऱ्याच्या काही उपयोगाचं नाही. म्हणणाऱ्याला बरं वाटावं म्हणून ते असतं.

माझ्या शेजारच्या खाटेवर पिंपळगाव राजाची एक म्हातारी होती, पार्वताबाई. पडून मांडीचं हाड मोडलं होतं. मी पॅन मागितला की ती एकदम मोठ्यांदा बोलायला लागायची. तिच्या म्हशीबद्दल, मिरच्यांबद्दल, सुनेच्या माहेराबद्दल. सगळा वॉर्ड तिच्याकडे पाहायचा. पहिले काही दिवस मला तिचा राग यायचा. मग लक्षात आलं की पॅन नेला की ती गप्प होते. तोंडाने ती मला कधी काही म्हणाली नाही. तिला सुट्टी मिळाली तेव्हा मी तिचा हात धरला, तर म्हणाली, "आता तूच बोलत जाजो वं मोठ्यानं. ऐकणारं कोनी नसलं तरी."

यजमान दुकान बंद ठेवून जमेल तेव्हा यायचे. येताना भाजलेले शेंगदाणे आणायचे आणि स्वतःच खायचे, कारण मला पडल्या पडल्या ठसका लागायचा. आमचं फार बोलणं होत नसे. ते माझ्या पायांच्या बोटांकडे पाहत बसायचे. एके दिवशी उजव्या पायाचा अंगठा हलला. मी नाही, त्यांनी पाहिला. "हालला!" असं एवढ्या जोरात ओरडले की नर्स धावत आली.

पाय आले, पण अर्धे आले. साच्यातून काढल्यावर भिंतीला धरून उभं राहता येऊ लागलं. काठी घेऊन सपाट जागेवर चार पावलं जमायची. सुट्टी देताना डॉक्टर म्हणाले, "बाई, क्षय गेला. जीव वाचला. सपाटीवर हळूहळू चालाल. पण जिना आता तुमच्यासाठी नाही."

मी मान हलवली. यजमानांनीही हलवली. दोघांच्याही डोळ्यांपुढे तोच दोर लोंबत होता.

पाठ

मेहकरला बस दुपारी पोचली. स्टँडपासून गल्लीपर्यंत दुकानातल्या मिस्त्रीच्या हातगाडीवरून नेलं. जिन्यापाशी यजमान उकिडवे बसले आणि म्हणाले, "बस पाठीवर."

दोन्ही बाजूंच्या दारांत बाया उभ्या होत्या. नवऱ्याच्या पाठीवर बसलेली बायको त्या गल्लीने तोवर पाहिली नव्हती. कोणी वाईट बोललं नाही. एकीने तोंडाला पदर लावला. कौतुक की हसू, मला कळलं नाही, आणि मी त्यांच्या मानेत तोंड लपवलं.

वर गेल्यावर खरा प्रश्न सुरू झाला. त्या वेळी आमच्या गल्लीत कोणाकडेच पायखाना नव्हता. बाया पहाटे नाल्याकडे जायच्या, पुरुष नदीकडे. मला रोज पाठीवरून नाल्यापर्यंत नेणं शक्य नव्हतं; रोज अंघोळीपुरतं यजमान मला पाठीवर घेऊन खाली गोदामामागच्या मोरीपर्यंत न्यायचे आणि परत वर आणायचे, तेवढंच. माडीच्या कोपऱ्यात जुन्या लुगड्याचा पडदा बांधला, मागे एक पत्र्याचा डबा. सुरुवातीला तो आत्याबाई न्यायच्या. एकदा दोर हातातून सुटून त्यांचा गुडघा सुजला, तेव्हापासून यजमान नेऊ लागले. दुकान उघडायच्या आधी, डब्यावर पोतं टाकून, मान खाली घालून.

पुरुषाने बायकोचा डबा उचलायचा! अशी गोष्ट गावात झाकून राहत नाही. एके दिवशी आत्याबाईंचा भाकरी थापता थापता संयम सुटला. त्या तव्याकडे पाहतच बोलत होत्या. "चाहाच्या हाटेलात लोकं त्याले काय म्हणतेत, माईत हाय का तुले? गिऱ्हाइक कमी होऊन राह्यलं. म्हणतेत, याच्या हाताचा पंप कोन घेईन."

मी विचारलं नाही, काय म्हणतात. पण त्या दिवसापासून मी पाणी कमी केलं. सकाळी दोन घोट, रात्री दोन घोट. भाकरी चतकोर. भूक नाही म्हणायची. डबा हलका व्हावा, एवढाच माझा हिशेब. नर्स होते, याचा परिणाम काय होतो ते मला ठाऊक होतं. ठाऊक असून केलं. लाजेपुढे शिकलेलं काही चालत नाही.

व्हायचं तेच झालं. लघवीची आग, मग थंडी वाजून ताप. आमच्या दवाखान्याचे डॉक्टर स्वतः जिना चढून वर आले. नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि रागावले. "पाणी पीत नाही का? तुम्हाला हे मी सांगायचं?"

मी भिंतीकडे तोंड केलं. आत्याबाई पडद्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "थो डबा पाहा, सायेब. त्याच्यानं पेत नाई ते."

डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं. मग यजमानांना म्हणाले, "यांना औषधापेक्षा खालचं घर पाहिजे. ज्याला पायरी नाही आणि ज्याला पायखाना आहे." आणि त्यांनी सांगितलं की समाजकल्याणकडे अपंगांना घराची सोय बदलण्यासाठी थोडी मदत असते. भाड्याची अनामत, घरात करायची दुरुस्ती, असं काही. कोणी मागत नाही म्हणून पैसे परत जातात. अर्ज करा, पंचायत समितीचे साहेब पाहणी करून जातील.

"आम्हाला नको," मी भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले. "मी अपंग नाही. मला बरं व्हायला वेळ लागतोय, एवढंच."

तो एक शब्द

संध्याकाळी यजमान माझ्याकडे पाठ करून बसले होते. त्यांच्या सदऱ्यावर मधोमध घामाचा पट्टा होता.

"आजपर्यंत मी काई म्हटलं का तुले?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग आता म्हणतो. माही पाठ दुखून राह्यली, अंजना. सायकलीचं चाक उचलत नाई मले. मी थकलो."

 मला वाटत आलं होतं की लाज फक्त माझीच आहे, भोगणारी मीच. त्यांना काही होत नाही, ते पुरुष आहेत, सायकली उचलतात, मलाही उचलतील. त्यांच्या तोंडून 'थकलो' हा शब्द मी लग्न झाल्यापासून ऐकला नव्हता. तो ऐकून जे वाटलं ते डब्यापेक्षा, हातगाडीपेक्षा, सगळ्यापेक्षा जड होतं.

अर्ज त्यांनी लिहिला. माझं अक्षर चांगलं, पण 'मी अपंग असून' हे शब्द माझ्याच्याने लिहवेनात. मी खाली फक्त सही केली.

पाहणी

पाहणीला पंचायत समितीचे विस्तार अधिकारी आले. तरुण होते, पुण्याकडचे असावेत. सोबत एक कारकून. साहेब येणार हे गल्लीभर झालं होतं, त्यामुळे जिन्याखाली गर्दी जमली होती. गफ्फारभाईंनी गोदाम अर्धं बंद करून बाहेर बाक टाकला होता.

मी सकाळपासून इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसून बसले होते. नोकरीवर जाताना नेसायची तेच. का नेसले, ते तेव्हा कळलं नाही. साहेब आत आले, त्यांनी चपला बाहेर काढल्या, नमस्कार केला. "बाई, आपण बसा, उठू नका," असं ते म्हणाले. आणि मी उठले.

भिंतीला हात लावून, काठी न घेता, उभी राहिले. पाय थरथरत होते, पण लुगड्याच्या आत दिसत नव्हते. "नमस्कार साहेब," मी म्हटलं. "चहा घ्याल ना?" आणि दोन पावलं चुलीकडे टाकलीसुद्धा.

साहेब गोंधळले. कारकुनाने त्यांच्याकडे पाहिलं. यजमान माझ्याकडे पाहत होते, आणि ती नजर मी कधी विसरणार नाही. रागाची नव्हती. बुडणारा माणूस काठावरच्याकडे पाहतो तशी होती.

"बाई तर चालतात," साहेब हळूच म्हणाले. "अर्जात लिहिलं आहे की—"

"चालते ना," मी म्हटलं. "आता पुष्कळ बरं आहे."

तेव्हा आत्याबाई चुलीपासून उठल्या. त्या साहेबांकडे गेल्या नाहीत, माझ्याकडे आल्या. माझा भिंतीवरचा हात त्यांनी धरला आणि म्हणाल्या, "बरं हाय तं उतर."

"आत्याबाई—"

"उतर म्हणते ना जिना. सायेब पाहतीन. चाल."

मी हात सोडवायला पाहिलं, पण त्यांची पकड सुटेना. त्यांनी मला जिन्याच्या तोंडाशी आणलं. खाली सगळी गल्ली वर पाहत होती. मी दोर धरला. पहिल्या पायरीवर पाय टाकला आणि गुडघा दुमडला. मी तिथेच खाली बसले. आता वर येता येईना, उभं राहता येईना. एकच वाट होती. मी बसल्या बसल्या, दोन्ही हात टेकून, एकेक पायरी खाली घसरत उतरू लागले. लुगडं गुडघ्यापर्यंत वर गेलं. ते सावरायला हात काढला की तोल जायचा, म्हणून तसंच राहू दिलं. माझे वाळलेले, काडीसारखे पाय त्या सगळ्यांनी पाहिले. गफ्फारभाई मान फिरवून गोदामात निघून गेले. वरून साहेब म्हणत होते, "पुरे, पुरे आजी, थांबवा त्यांना," पण आत्याबाई वरच उभ्या राहिल्या. मी शेवटच्या पायरीपर्यंत आले आणि जमिनीवर बसले. इस्त्रीच्या लुगड्याला सगळी धूळ.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मग यजमान खाली आले, उकिडवे बसले, आणि मी रोजच्यासारखी त्यांच्या पाठीवर बसले.

त्यानंतर

मी आत्याबाईंशी बोलणं सोडलं. त्या ताट पुढे ठेवायच्या, मी जेवायची, ताट परत न्यायच्या. अखेर एके दुपारी मीच विचारलं, "असं का केलंत? आपल्याच घरातल्या बाईला सगळ्यांपुढे?"

त्या डाळ पाखडत होत्या. "तुही लाज मले दिसत नसन का?" त्या म्हणाल्या. "मी बी बाई हाय. पण तू उभी राह्यली तं माह्या पोराची पाठ कोन पाह्यन? तुही लाज नाई तं त्याची पाठ, एकच गोष्ट वाचत होती. मी पाठ वाचवली."

 अजूनही त्या प्रसंगाबद्दल माझं मन पूर्ण निवळलेलं नाही. त्यांनी योग्य केलं हे मला पटतं, आणि तरी त्या गल्लीतून जाताना मी जिन्याकडे पाहत नाही. दोन्ही गोष्टी एकत्र राहतात.

मंजुरी आली तेव्हा कळलं की सहीसाठी मला स्वतः कचेरीत जावं लागेल. मी जाणार नव्हते. पण दुसऱ्या दिवशी तेच तरुण साहेब कागद घेऊन जिना चढून वर आले. सही झाल्यावर कागदांची घडी करत, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "त्या दिवशी मी पहिल्याच पायरीला थांबवायला हवं होतं. मला सुचलं नाही." मी म्हटलं, "कोणालाच सुचलं नाही, साहेब." त्यांनी चहा घेतला. खरोखर सगळा प्याले. आमच्या घरी येणारे पुष्कळ लोक चहाला नुसतं ओठ लावत.

जमीन

पैसा मंजूर झाला म्हणजे घर मिळालं असं नाही. खालचं घर शोधायला यजमान हिंडले. काहींनी बायकोच्या पायांचं विचारलं, काहींनी जातीचं. दोन्हींचं उत्तर ऐकलं की घर रिकामं नसायचं. सरकारच्या पैशात अनामत होती, पण अनामत घेणाराच मिळेना.

शेवटी घर मिळालं ते गावाबाहेर, पुंजाजींच्या मळ्याला लागून. पुंजाजी वांगी-मेथी पिकवायचे आणि त्यांच्या हातगाडीचं चाक यजमानांनीच बसवून दिलं होतं. मातीच्या दोन खोल्या, वर टिनं, समोर सारवलेलं अंगण. सगळं एका पातळीत. फक्त उंबरा होता. पायखाना बांधायचा म्हटल्यावर पुंजाजींनी पागोटं काढून डोकं खाजवलं.

"बांधा. माही ना नाई. पण कसा रायते थो, सांगजा. आमच्या खानदानात कोनी पाह्यला नाई."

मी दवाखान्यातला पाहिला होता. अंगणात बाजेवर बसून मी काडीने जमिनीवर आकृती काढली आणि गवंड्याला समजावून सांगितलं. खड्डा किती लांब, बसायची जागा किती उंच, धरायला दोन्हीकडे बांबू. हे बोलताना मला एकदाही लाज वाटली नाही, याचं नंतर नवल वाटलं. नोकरीतली बाई बोलत होती ती. उंबरा काढून तिथे चुन्याचा उतार केला, आणि घरापासून पायखान्यापर्यंत भिंतीला बांबूचा कठडा.

राहायला गेल्यानंतर पहिल्या सकाळी मी कठडा धरून एकटी गेले. आत्याबाई मागोमाग आल्या. मी आत गेले, दार ओढलं, कडी लावली. इतक्या काळात मी अशी माणसांच्या नजरेआड झालेच नव्हते. बाहेरून आवाज आला, "पडशीन हो. मी हावो अथीच."

"आत्याबाई, तुम्ही जा घरात," मी आतून म्हणाले.

त्या थोडा वेळ गेल्या नाहीत. मग त्यांच्या चपलांचा आवाज लांब गेला. मी किती तरी वेळ आत बसून राहिले. मळ्यात मोट चालू होती. बाकी कोणी नव्हतं.

भिंतीवरची अक्षरं

पण सरकारी मदतीची एक अट राहिली होती. एक पेंटर आला आणि रस्त्याकडच्या भिंतीवर त्याने निळ्या रंगात लिहिलं, 'समाजकल्याण विभागाच्या साहाय्याने अपंग पुनर्वसन', आणि खाली माझं पूर्ण नाव. अक्षरं हातभर. बाजाराच्या दिवशी सगळ्या खेड्यांची माणसं त्याच रस्त्याने जायची. शिकलेली पोरं थांबून मोठ्यांदा वाचायची. मी आतून ऐकायची. माझं नाव आणि तो शब्द, पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या आवाजांत.

यजमानांना म्हटलं, चुना मारून टाका. ते म्हणाले, "मारतो," आणि मारला नाही. मी पुन्हा म्हटलं नाही, पण मनात धरून होते. दिवाळीला घर सारवताना भिंत रंगवू, असं ठरवलं.

मी तोवर दवाखान्यात पुन्हा जाऊ लागले होते. खेड्यावरची कामं गेली. आता टेबलाशी बसून औषधं द्यायची आणि बायांना सल्ला द्यायचा. यजमान सायकलच्या कॅरिअरवर बसवून नेत. पाठीवर नाही.

अशाच एका बाजारच्या दिवशी, सुट्टीमुळे मी घरी असताना, एक बाई अंगणात येऊन उभी राहिली. डोक्यावर रिकामी टोपली, कपाळ घामाने डबडबलेलं. साखरखेर्ड्याची होती.

"भितीवर लिहेल हाय ते तुमीच का?" तिने विचारलं.

माझे कान तापले. "हो."

"मले वाचता येत नाई. बाजारात एकानं सांगतलं का अथी पांगळ्याले घराचे पैसे भेटतेत."

तिचा नवरा शेळ्यांना पाला तोडताना लिंबाच्या झाडावरून पडला होता. कंबरेखाली काही हलत नव्हतं. घर टेकाडावर, खाली यायला दगडांच्या पायऱ्या. ती त्याला पाठीवर घेऊन उतरत होती; तिने सांगितलं नसतं तरी तिच्या खांद्यांकडे पाहून मला ते कळलं असतं.

मी तिला बाजेवर बसवलं. सगळं सांगितलं. कोणाकडे जायचं, काय विचारतील, पाहणी कशी होते. पाहणीपाशी मी अडखळले, तर आत्याबाईंनी दारातून पुढचं सांगून टाकलं, जिन्यासकट, एकही पायरी न गाळता. मी जमिनीकडे पाहत राहिले. ती बाई माझ्याकडे पाहत राहिली.

"मंग तुमाले लाज नाई वाटली?" तिने विचारलं.

"वाटली," मी म्हटलं. "अजून वाटते."

तिने मान हलवली, जणू तिला हेच ऐकायचं होतं. मी कागद घेतला. तिच्यासाठी अर्ज लिहायला लागले. 'अपंग' हा शब्द माझ्या हाताने पहिल्यांदा लिहिला. मग विचारलं, "मालकाचं नाव?"

 आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. तिने पदर तोंडावर ओढला आणि पदराआडून म्हणाली, "पोराईचा बाप."

"असं कागदावर चालत नाही, बाई. नाव लागतं."

आत्याबाई पाणी घेऊन आल्या होत्या, त्या तांब्या धरून तशाच थांबल्या. ती बाई अंगणाकडे पाहत होती, रस्त्याकडे, जिथून बाजाराची माणसं चालली होती. मग तिने तोंडावरचा पदर बाजूला केला.

"किसन," ती म्हणाली. आणि मला ऐकू गेलं नसेल असं वाटून पुन्हा, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाली, "किसन मोतीराम शेळके."